एक कान हेडफोनात, एक कान बाहेर

पर्यटनाचा हंगाम तोंडावर आला की या सदराच्या टपालात डीजेंचे प्रश्न वाढतात. यंदाची बहुतेक पत्रं हेडफोनबद्दल आहेत, म्हणून या वेळची सगळी जागा त्यांनाच. नव्या मंडळींसाठी आधी एवढंच: मिक्सरवर प्रत्येक चॅनलला एक क्यू बटण असतं, त्यावर बहुधा हेडफोनचं चित्र असतं. ते दाबलं की फेडर (आवाज वर-खाली करणारी सरकपट्टी) खाली असला तरी त्या चॅनलचा आवाज हेडफोनमध्ये येतो. डेकवरही (गाणं वाजवणाऱ्या भागावर) ‘क्यू’ नावाचं मोठं बटण असतं, पण त्याचं काम वेगळं. ते गाणं ठरवलेल्या जागी आणून उभं करतं. खाली ‘क्यू बटण’ म्हटलं की मिक्सरवरचं समजावं.

प्रश्न : घरी छोट्या कंट्रोलरवर सराव करतो. सिंक (गती आपोआप जुळवणारी सोय) न वापरता दोन हाउस ट्रॅक जुळवतो. पहिली दहा-पंधरा सेकंदं छान जातात, मग किक (ड्रमचे जड ठोके) एकमेकांवर आदळू लागतात. जॉग (डेकवरचं चाक) फिरवून सावरतो, की थोड्या वेळाने पुन्हा तेच. कुठे चुकतंय? – वाचक, म्हापसा

उत्तर : जॉगने तुम्ही दोन ट्रॅकचे ठोके तेवढ्यापुरते एकमेकांवर आणता. गती मात्र वेगळीच राहते, म्हणून ते पुन्हा सुटतात आणि घोडा दौडल्यासारखा आवाज येतो. चूक पिच फेडरमध्ये, म्हणजे गती ठरवणाऱ्या सरकपट्टीत आहे.

किती चूक आहे, याचा हिशेब कानानेच करता येतो. गतीत ०.१ टक्का फरक असेल तर मिनिटाभरात दोन गाणी ६० मिलिसेकंदांनी सरकतात. टेम्पो १०० असो वा १४०, हा आकडा तोच. दोन किक वेगवेगळ्या आहेत हे कानाला साधारण २० ते ३० मिलिसेकंदांपासून जाणवायला लागतं. म्हणजे अर्धा मिनिट नीट राहून मग सुटत असेल तर चूक ०.१ टक्क्याच्या आसपास. तुमचं दहा-पंधरा सेकंदांत सुटतं, तर ती ०.२ ते ०.३ टक्के असणार. १२८ बीपीएमवर (मिनिटाला १२८ ठोके) हा फरक पाव बीपीएमहून थोडा जास्त भरतो. पिच फेडर केसभर हलला तरी एवढं होतं. म्हणून फेडरची रेंज ±६ टक्क्यांवर ठेवा. क्लबमधल्या सीडीजे प्लेयरवर ±६ मध्ये ०.०२ टक्क्याच्या पायरीने जाता येतं, ±१० वर तीच पायरी ०.०५ होते.

आता क्रम. नव्या ट्रॅकच्या पहिल्या किकवर डेक थांबवा. बाहेर वाजणाऱ्या गाण्याचे चार-चार ठोके मोजा आणि ‘एक’ वर प्ले करा. पहिल्या आठ ठोक्यांत फक्त एकच गोष्ट ऐकायची: नवा पुढे आहे की मागे. यासाठी किक ऐकू नका. किकचा आवाज जाड आणि लांब असतो, त्याची सुरुवात कुठे झाली ते कळत नाही. क्लॅप (टाळी) किंवा हायहॅट (झांज) ऐका, त्यांची धार स्पष्ट असते. तरीही कळत नसेल तर जॉगच्या कडेला बोट लावून नवा ट्रॅक मुद्दाम थोडा मागे ओढा. दोन क्लॅपमधलं अंतर वाढलं तर तो आधीच मागे होता. कमी झालं तर पुढे होता.

दिशा कळली की जॉगने ठोके जुळवा आणि हात बाजूला करा. सोळा ते बत्तीस ठोके काहीही करू नका. बहुतेकांचं इथेच बिघडतं, कारण हात स्वस्थ बसत नाही आणि सतत ढकलत राहिल्याने गाणं स्वतःहून कुठे सरकतंय ते ऐकूच येत नाही. या वेळात नवा ट्रॅक मागे पडला तर पिच थोडा वाढवा, पुढे गेला तर कमी करा, आणि मग जॉगने पुन्हा ठोके जुळवा. आधी पिच, मग जॉग. पहिली दुरुस्ती मोठी, पुढची तिच्या निम्मी, त्यापुढची आणखी निम्मी. तीन-चार फेऱ्यांत मिनिटभर टिकेल एवढी गती बसते, आणि एका मिक्सला त्याहून जास्त क्वचितच लागतं.

सरावासाठी दोन्ही डेकवर एकच ट्रॅक घ्या, एकाचा पिच डोळे मिटून कुठेही सरकवा, लॅपटॉपचा पडदा झाका आणि कानाने दुसरा जुळवा. अचूक जुळला की दोघांचा मिळून एक पोकळ, फिरत राहणारा आवाज येतो. तो जितका हळू फिरतो तितकी गती जवळ आली.

प्रश्न : आश्वेला शॅकमध्ये वाजवतो. बूथ मॉनिटर (डीजेजवळचा स्पीकर) नाही. मुख्य स्पीकर पुढे वाळूवर, माझ्यापासून बारा मीटरवर आहेत. हेडफोनमध्ये बीट अगदी जुळतो, पण फेडर वर घेतला की बाहेर डबल किक ऐकू येते. – वाचक, पेडणे

उत्तर : हेडफोन तुमच्या कानावर आहे, स्पीकर बारा मीटरवर. आपल्याकडच्या उष्ण हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो, म्हणजे बारा मीटरला सुमारे ३४ मिलिसेकंद लागतात. स्पीकरच्या आधी डिजिटल प्रोसेसर असेल तर आणखी काही मिलिसेकंद त्यात पडतात. तुम्ही नवा ट्रॅक या उशिरा आलेल्या आवाजाशी जुळवता, म्हणजे मिक्सरच्या आत तो ३४ मिलिसेकंद मागे राहतो. फेडर वर गेला की दोन्ही गाणी एकाच स्पीकरमधून निघतात आणि तो फरक लोकांना ऐकू येतो. तुमचा कान बरोबर आहे, पण त्याला ऐकायला दिलेला आवाज उशिराचा आहे.

खरा इलाज म्हणजे बूथ मॉनिटर. लहानसा ॲक्टिव्ह स्पीकर एक-दीड मीटरवर, कानाच्या उंचीला, मोकळ्या कानाच्या बाजूला लावा. तो मिक्सरच्या बूथ आउटपुटला जोडायचा, मुख्य स्पीकरच्या मागच्या सॉकेटमधून ओढायचा नाही. नाहीतर प्रोसेसरचा उशीर त्यातही येईल. दीड मीटरला लागणारे चार-पाच मिलिसेकंद कानाला जाणवत नाहीत. शॅकमालकाला हे आधीच सांगा, ऐन वेळी मागितलेला मॉनिटर मिळत नाही.

मॉनिटर मिळालाच नाही तर बाहेरच्या आवाजाशी जुळवणं सोडून द्या आणि दोन्ही गाणी हेडफोनमध्येच घ्या. मिक्सरवर हेडफोनच्या गटात क्यू ते मास्टर (लोकांकडे जाणारा आवाज) असं फिरणारं बटण असतं. नव्या ट्रॅकची ‘एक’ शोधेपर्यंत ते पूर्ण क्यूकडे ठेवा. मग मध्यावर आणा, दोन्ही कान झाका आणि वीस-तीस सेकंदांत जुळवून घ्या. मास्टरचा हा आवाज मिक्सरमधूनच येतो, त्याला अंतर नाही. जुळलं की एक कप मागे सरकवा आणि फेडर उचला.

इथे एक फसगत होते. फेडर वर गेल्यावर नवा ट्रॅक मास्टरमध्येही येतो. बटण मध्यावरच राहिलं तर तुम्हाला तो दोन वाटांनी, दुप्पट जोरात ऐकू येतो. मग तो पुरेसा वर आहे असं वाटून फेडर अर्ध्यावरच थांबतो, आणि लोकांना मिक्स पोकळ लागतो. फेडर उचलायला लागलात की बटण मास्टरकडे न्या, किंवा नव्या चॅनलचं क्यू बटण बंद करा.

प्रश्न : स्प्लिट क्यू म्हणजे काय, आणि वापरावं का? माझा कंट्रोलर मोबाइलला जोडायचा आहे, त्यासोबत दोन तोंडांची केबल आली आहे. – वाचक, साखळी

उत्तर : स्प्लिटमध्ये हेडफोनच्या एका कानात क्यू आणि दुसऱ्यात मास्टर येतो. पायोनिअरच्या डीजेएम मिक्सरवर ‘मोनो स्प्लिट’चं बटण लावलं की डावीकडे क्यू, उजवीकडे मास्टर असतो. बूथ मॉनिटर नसेल, किंवा आसपास गोंगाट फार असेल, तर ही सोय उत्तम. दोन्ही आवाज कानापाशीच असल्याने वर सांगितलेला उशीर नाही. तोटा असा की सगळं मोनो होतं, आणि दोन कानांत दोन लयी ऐकणं सुरुवातीला डोकं शिणवतं. मास्टरची बाजू थोडी हळू ठेवली तर नव्या ट्रॅकवर लक्ष राहतं. काहींना हे कधीच रुचत नाही, त्यांनी मध्यावरच्या बटणाने काम चालवावं. त्यात कमीपणा काही नाही.

तुमच्या केबलचं प्रकरण वेगळं आहे. अशा कंट्रोलरमध्ये साउंड कार्ड नसतं. मोबाइलचा स्टिरिओ आवाज फाडून एक बाजू स्पीकरला आणि दुसरी हेडफोनला दिली जाते, त्यामुळे लोकांनाही मोनोच मिळतो. ॲपच्या सेटिंगमध्ये स्प्लिट आउटपुट चालू करावं लागतं, नाहीतर दोन्ही तोंडांतून दोन्ही गाणी मिसळून येतील. केबलची तोंडं उलटी लावली तर तुमची गाण्यांची शोधाशोध लोकांना ऐकू जाईल. मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकायला विसरू नका. सरावाला एवढं पुरे. पैसे घेऊन वाजवायचं असेल तर साउंड कार्ड असलेला कंट्रोलरच हवा.

प्रश्न : चांगल्या कंपनीचा ब्लूटूथ हेडफोन आहे. तोच वापरला तर? – वाचक, वास्को

उत्तर : नको. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद उशिरा पोचतो. १२८ बीपीएमवर एक ठोका ४६९ मिलिसेकंदांचा, म्हणजे तुम्ही तिसरा हिस्सा ते अर्धा ठोका मागे. डबीत केबल आली असेल तर ती लावून वापरा. वेगळा ट्रान्समीटर असलेले, खास डीजेंसाठी बनवलेले वायरलेस हेडफोन मिळतात, पण चार्जिंग विसरलं की संध्याकाळ गेली. वायर बरी.

प्रश्न : फोंड्यात लग्नं आणि वाढदिवस करतो. नव्या गाण्यांना अडचण नाही. पण जुनी हिंदी आणि कोंकणी गाणी मागतात, तिथे सिंक लावलं की गोंधळ. हेडफोनवर काय ऐकावं? – वाचक, फोंडा

उत्तर : १९६०-७०च्या दशकातली गाणी लाइव्ह वादकांवर झाली आहेत. ढोलक, बोंगो, ड्रम वाजवणारी माणसं. गती धरून ठेवणारा क्लिक ट्रॅक नव्हता. अंतऱ्यात गती एक-दोन बीपीएम चढते, शेवटी आणखी. कोंकणी संगीतकार क्रिस पेरींच्या बँडवर गायिका लॉर्ना गायल्या त्या रेकॉर्डिंगमध्येही लय अशीच श्वास घेते, आणि गोडवाही त्यातच आहे. सॉफ्टवेअर मात्र बहुधा सगळ्या गाण्यावर एकच सरासरी आकडा चिकटवतं आणि ठोक्यांसाठी आखलेल्या ग्रिडच्या रेषा तिसऱ्या-चौथ्या ओळीपासून ठोक्यावरून घसरतात. सिंक त्या रेषांना जुळतं, गाण्याला नव्हे.

घरी तयारी करताना हेडफोन लावून टॅप टेम्पोने पहिल्या सोळा ठोक्यांचा आणि शेवटच्या सोळा ठोक्यांचा बीपीएम वेगवेगळा मोजा, आणि दोन्ही आकडे फाइलच्या कॉमेंटमध्ये लिहून ठेवा. पहिल्या जोरकस ठोक्यावर, म्हणजे समेवर, हॉट क्यू (बटण मारताच गाणं तिथून सुरू करणारी खूण) लावा. सुरुवातीच्या व्हायोलिनवर किंवा ट्रम्पेटच्या आलापावर लावू नका. तिथे ठोकाच नसतो आणि तुमचा ‘एक’ चुकतो.

वाजवताना लांब मिक्सचा हट्ट सोडा. जुनं संपून नवं लावायचं असेल तर हेडफोनमध्ये जुन्याच्या शेवटच्या गतीला नवा ट्रॅक जुळवा. नवा स्थिर आहे, जुना हलतोय, म्हणून हात नव्याच्या जॉगवर राहू द्या आणि जुना जाईल तसा त्याला नेत राहा. चार-आठ ठोक्यांत बदल उरका. नव्याकडून जुन्याकडे जाताना तर सरळ समेवर कापलेलं बरं: हॉट क्यू हेडफोनमध्ये दोनदा मारून पाहा, बाहेरच्या गाण्याचं आठवं आवर्तन संपताना फेडर उचला आणि मारा. इको लावून जुनं सोडलं तर सांधा झाकला जातो.

ताल मात्र आधी तपासा. केरवा आठ मात्रांचा, तो हाउसच्या चार-चारवर बसतो. दादरा सहाचा, तो बसणार नाही. कोंकणी गाण्यांतलं दुलपद सहा-आठमध्ये आहे आणि मांडो त्याहून संथ, सहा-चारमध्ये. त्यांच्यावर दुसरं काही चढवायला जाऊ नये. मांडो लागला की लोकांना नाचू द्या, तो पूर्ण संपू द्या, टाळ्यांमध्ये पुढचं सुरू करा.

प्रश्न : बीट जुळलेला असतो, तरी दोन गाणी एकत्र आली की कानाला टोचतात. – वाचक, मडगाव

उत्तर : दोन कारणं असतात, आणि दोन्ही हेडफोनमध्ये आधीच पकडता येतात. एक, दोन्ही गाण्यांत एकाच वेळी कुणीतरी गात असतं. नवा ट्रॅक लोड झाला की त्याच्या सुरुवातीपासून गायन सुरू होईपर्यंतचे बार (चार-चार ठोक्यांचे गट) मोजा. इंट्रो सोळा बारची असेल तर १२८ बीपीएमवर तुमच्याकडे ३० सेकंद आहेत. बाहेरच्या गाण्याचं गायन त्याआधी संपायला हवं. संपत नसेल तर उशिरा सुरू करा किंवा इंट्रोचे चार बार लूप करा.

दुसरं कारण पट्टी. मास्टर टेम्पो किंवा की लॉक बंद असताना पिच साधारण ६ टक्के वाढवला की गाणं अर्ध्या स्वराने चढतं. पेटीवर पांढरी एकचं काळी एक होतं. त्यामुळे फाइलवर लिहिलेली की जुळत असली तरी प्रत्यक्षात जुळत नाही. ३ टक्क्यांवर तर गाणं दोन पट्ट्यांच्या मध्येच लटकतं. की लॉक चालू ठेवा, पण शंका असेल तेव्हा आकड्यावर विसंबू नका. नव्या ट्रॅकमधला सुरावटीचा भाग, नुसत्या ड्रमचा नव्हे, हेडफोनमध्ये मध्यावरच्या बटणाने बाहेरच्या गाण्यावर दहा सेकंद टाकून ऐका. टोचलं तर तिथे ऐकणारे फक्त तुम्ही आहात.

प्रश्न : नवं गाणं हेडफोनमध्ये दणदणीत लागतं, बाहेर आलं की बारीक. कधी कधी हेडफोनमध्ये बेसच नसतो. – वाचक, पणजी

उत्तर : क्यूचा आवाज फेडरच्या आधीचा, पण ट्रिम (चॅनलची मूळ पातळी) आणि ईक्यूच्या (लो, मिड, हाय ही तीन बटणं) नंतरचा असतो. मागच्या मिक्समध्ये त्या चॅनलचा लो शून्यावर नेला होता आणि तिथेच राहिला, म्हणून बेस गायब. गाणं लोड करताच तिन्ही ईक्यू मध्यावर आणि फिल्टर सरळ, ही सवय हाताला लावा.

पातळीचं म्हणाल तर हेडफोनचा आवाज तुम्ही नव्या ट्रॅकसाठी वाढवता, पण त्याची तुलना कशाशीच करत नाही. बटण पूर्ण क्यूकडे ठेवा आणि दोन्ही चॅनलची क्यू बटणं आलटून पालटून दाबा. दोन्ही एकाच वाटेने येत असल्याने लहान-मोठं लगेच कळतं. मग नव्याची ट्रिम फिरवा. इंट्रोवर ट्रिम ठरवू नका. ड्रॉपपर्यंत (गाणं पूर्ण जोरात येतं तिथपर्यंत) पुढे जा, तिथे चॅनलच्या मीटरवर लाल न लागता हिरव्याच्या वरच्या टोकाला पोचेल इतकी ठेवा, आणि परत सुरुवातीला या. इंट्रोवर ठरवलेली ट्रिम ड्रॉपला लाल होते आणि स्पीकर कर्कश वाजतात.

प्रश्न : ऐंशीच्या दशकात हणजुण्याच्या पार्ट्यांत कॅसेट वाजायच्या, असं ऐकलं. कॅसेटवर बीट कसा जुळवत? – ज्येष्ठ वाचक, शिवोली

उत्तर : बहुतेक वेळा जुळवतच नसत. उन्हात आणि धुळीत रेकॉर्ड वाकत, खराब होत, शिवाय वाहून आणायला जड. म्हणून कॅसेट आणि पुढे डॅट (डिजिटल टेप) आली. डॅट मशीनला साधारणपणे पिच बदलायची सोयच नव्हती. हेडफोनचं काम एवढंच, की टेप नेमकी सुरुवातीच्या जागी आणून थांबवायची. ट्रान्सच्या ट्रॅकना ठोक्याविना लांब सुरुवात आणि शेवट असत, त्यावर एकातून दुसऱ्यात जायचं. २०२३ साली निधन पावलेले ट्रान्सचे डीजे गोवा गिल शेवटपर्यंत डॅटवरच वाजवत राहिले. आजच्या मुलांनी ही रीत एकदा करून पाहावी. बीट न जुळवता सांधा लपवायचा म्हणजे गाण्याची रचना पाठ असावी लागते.

प्रश्न : पाळोळ्याला हेडफोन पार्टीत वाजवायची संधी आहे. तिथे क्यूचं तंत्र बदलतं का? – वाचक, काणकोण

उत्तर : बरंच. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही, म्हणून या पार्ट्या आल्या. स्पीकर नाहीतच. लोक रेडिओ हेडसेटवर ऐकतात, दोन-तीन चॅनल असतात, आणि कुठल्या डीजेला किती लोक ऐकताहेत ते हेडसेटच्या दिव्यांच्या रंगावरून सगळ्यांना दिसतं.

तुमचा मोकळा कान इथे निरुपयोगी आहे. कप काढला की फक्त लोकांचं बेसूर गाणं ऐकू येतं. म्हणून मास्टर हेडफोनमध्येच हवा. स्प्लिट क्यूचा खरा उपयोग इथे होतो. तुमचा हेडफोन वायरने मिक्सरला. लोकांना देतात त्यातला एक हेडसेट गळ्यात ठेवा आणि दर दोन-तीन गाण्यांनी त्यावर तपासा की आवाज फाटत नाही ना, आणि दुसऱ्या चॅनलपेक्षा हळू नाही ना. पण त्याच्याशी बीट जुळवू नका. डिजिटल प्रसारण असेल तर तो उशिरा ऐकू येतो.

आवाज फाटायचं नेहमीचं कारण म्हणजे मिक्सरचं मास्टर आउटपुट ट्रान्समीटरला झेपत नाही. मिक्सरवर मास्टर खाली आणि ट्रान्समीटरच्या इनपुटचा दिवा लालच्या आत, एवढं बघा. ड्रॉपवर ओरडून लोकांना उठवायची सवय असेल तर लक्षात ठेवा, माइक त्याच ट्रान्समीटरमधून थेट कानात जातो. हळू बोला.

प्रश्न : सेट संपला की रात्रभर कानात शिट्टी वाजते. – वाचक, कळंगुट

उत्तर : ही शिट्टी कानाला इजा झाल्याची खूण आहे. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं उरतात. बूथमध्ये एवढा आवाज सहज असतो, आणि हेडफोन त्याच्याशी चढाओढ करायला आणखी वाढवला जातो.

उलटं करा. क्यू करायच्या आधी बूथ मॉनिटर कमी करा, मग हेडफोन शून्यापासून वाढवत हायहॅट स्पष्ट होईल तिथेच थांबा. जुळलं की हेडफोन खाली, मॉनिटर परत वर. सेट पुढे जातो तसा कान बधिर होत जातो आणि हात नकळत बटण वाढवतो. म्हणून सुरुवातीला जागा ठरवून बटणापाशी टेपचा तुकडा लावा आणि त्यापुढे जाऊ नका. दर वेळी तोच कान झाकत असाल तर बाजू बदला. मोकळ्या कानात संगीतासाठी मिळणारा फिल्टरचा इअरप्लग घाला, फोमचा नको; फोममध्ये हायहॅट आधी जातो. शिट्टी दुसऱ्या दिवशीही थांबली नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) तो विभाग आहे.

प्रश्न : कुठला हेडफोन घ्यावा? जुन्याचे पॅड सोलून काळे तुकडे कानाला लागतात, आणि हल्ली एकाच बाजूने आवाज येतो. – वाचक, डिचोली

उत्तर : पाठ बंद असलेला, एक कप मागे वळणारा आणि सुटे भाग मिळणारा घ्या. झेनहायझरचा एचडी २५ हा १९८८ पासून चालत आलेला हेडफोन क्लबमध्ये अजून दिसतो. त्याचं कारण, केबल वगळता वजन साधारण १४० ग्रॅम, आणि पॅडपासून केबलपर्यंत सगळं बदलता येतं. तो कानावर बसतो, कानाभोवती नाही. चष्मेवाल्यांना दोन तासांनी दुखतो. इम्पीडन्स ३२ ते ७० ओहमच्या दरम्यान असू द्या. २५० ओहमचे स्टुडिओ हेडफोन कंट्रोलरवर हळू वाजतात, आणि उघड्या पाठीचे तर बूथमध्ये कामाचेच नाहीत.

पॅडचं कृत्रिम चामडं घाम आणि आपल्या दमट हवेने सुटतं. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा, पिशवीत सिलिका जेलची पुडी ठेवा, दुपारी स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. पावसाळ्यात तीन-चार महिने पडून राहणार असेल तर पॅड काढून वेगळे ठेवा. नवी जोडी स्वस्त असते, हेडफोन टाकू नका.

एका बाजूच्या आवाजाचं कारण आधी मिक्सरवर शोधा: मोनो स्प्लिट चालू राहिलं असेल आणि क्यू बटण एकही दाबलं नसेल तर असंच होतं. ते नसेल तर मोठ्या जॅकचा अडॅप्टर बघा. आट्यांचा असेल तर घट्ट पिळा. नुसता खोचायचा असेल तर आट्यांचा घ्या, कारण तो सैल होऊन एक बाजू सोडतो. मग जॅक सॉकेटमध्ये हळू फिरवा. खरखर आली तर खारी हवा लागून संपर्क काळवंडलाय, आयसोप्रोपिल अल्कोहोलने जॅक पुसा आणि सॉकेटला कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. तरीही नाही, तर मोबाइलला लावून पाहा. तिथेही एकच बाजू वाजली आणि केबल कपापाशी वाकवल्यावर आवाज येत-जात राहिला, तर तार आत तुटली आहे. सुटी केबल असेल तर बदला, नसेल तर कुठलाही सोल्डरिंग करणारा दुरुस्तीवाला तेवढा तुकडा कापून जोडून देईल.